मांजराच्या पिलांचे दूध तोडणे

आईच्या दुधावर वाढणाऱ्या मांजराच्या पिलाने ते दूध क्रमाक्रमाने सोडून घन आहारावर जगू लागणे, या संक्रमणास दूध तोडणे किंवा अंगावरून तोडणे असे म्हणतात. सर्वच सस्तन प्राण्यांच्या जीवनात हा टप्पा येतो. तथापि मांजराच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व आहे. गाईचे वासरू किंवा शेळीचे करडू दुधाकडून चाऱ्याकडे वळते व तो चारा त्याच्या पायांशीच असतो. मांजराचे पिल्लू मात्र दुधाकडून मांसाकडे वळते आणि मांस हे शिकार करून मिळवावयाचे अन्न आहे. त्यामुळे आहारातील बदल आणि शिकारीचे शिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच काळात व बहुतांशी आईच्या देखरेखीखाली घडतात. ही प्रक्रिया सामान्यतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते व आठव्या आठवड्याच्या सुमारास पुरी होते. ती एखाद्या ठराविक दिवशी घडणारी घटना नसून चार-पाच आठवडे चालणारा क्रम आहे. हा क्रम मध्येच तुटला किंवा त्याच्या अखेरीस पिलाला न मानवणारा आहार मिळाला, तर पिल्लू दगावण्याचा संभव असतो आणि जगलेल्या पिलाच्या प्रकृतीवर व स्वभावावर त्याचे दीर्घकाळ परिणाम राहतात. महाराष्ट्रातील घरांतून मांजराला दूध-भात किंवा दूध-पोळी घालण्याची रीत जुनी आहे. दूध हेच मांजराचे स्वाभाविक अन्न होय, ही समजूत तिच्या मुळाशी असून प्रस्तुत नोंदीत तिचाही विचार केला आहे.

जन्मानंतरचे पहिले तीन आठवडे : मांजरीचा गर्भावधी सु. ६३ ते ६५ दिवसांचा असतो व एका वेतात सामान्यतः तीन ते पाच पिले होतात. जन्मतः पिलाचे वजन सु. १०० ग्रॅ. असून डोळे मिटलेले व कान बंद असतात. स्वतःच्या शरीराचे तापमान टिकविण्याची क्षमता त्यास नसते. ऊब, अन्न व स्वच्छता या तिन्ही गोष्टींसाठी ते सर्वस्वी आईवर अवलंबून असते. आईने जिभेने चाटून उद्दीपन दिल्याशिवाय ते मलमूत्रविसर्जनही करू शकत नाही. मांजरीला सामान्यतः स्तनाग्रांच्या चार जोड्या असतात. जन्मानंतर थोड्याच दिवसांत प्रत्येक पिल्लू वासाच्या साहाय्याने आपले ठराविक स्तनाग्र शोधू लागते व त्यामुळे पिलांतील झटापट कमी होते.

प्रारंभी स्रवणाऱ्या दुधात म्हणजे चिकात रोगप्रतिकारक प्रतिपिंडे विपुल असतात. पिलाच्या आतड्यातून ती रक्तात शोषली जाण्याची क्रिया जन्मानंतर सु. १६ ते १८ तासांतच थांबते. म्हणून पहिल्या दिवशी आईचे दूध न मिळालेले पिल्लू पुढे कितीही चांगले पोसले, तरी रोगांना लवकर बळी पडू शकते. निरोगी पिलाचे वजन दररोज सु. १० ते १५ ग्रॅ. वाढते व दोन आठवड्यांत ते जन्माच्या वेळच्या दुप्पट होते. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात.

दूध तोडण्याचा नैसर्गिक क्रम : माता व पिले यांच्या संबंधात या काळात तीन अवस्था ओळखता येतात. पहिल्या अवस्थेत स्तनपानाचा आरंभ आईकडून होतो. ती पिलांजवळ येऊन कुशीवर पडते व त्यांना चाटून जागे करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिले चालू लागतात व आईकडे स्वतःहून जाऊ लागतात. या दुसऱ्या अवस्थेत आरंभ दोन्ही बाजूंनी होतो. पाचव्या आठवड्यानंतरच्या तिसऱ्या अवस्थेत पिले आईचा पाठलाग करतात, तर आई त्यांना टाळू लागते. ती पोट जमिनीशी दाबून बसते, उंच जागी जाऊन पडते किंवा पिलांना पंजाने दूर सारते. हे वर्तन वरकरणी निष्ठुर वाटले, तरी दूध तोडण्याचे खरे साधन तेच होय. दूध मिळविण्यास जास्त खटपट करावी लागली की, पिल्लू समोरच्या घन अन्नाकडे वळते.

आईच्या या बदलत्या वर्तनामागे तिच्या शरीरावर पडणारा भार असतो. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे उत्पादन सर्वाधिक असते व त्या वेळी मांजरीस नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट ऊर्जा आहारातून मिळवावी लागते. पिलांची गरज यानंतरही वाढतच जाते. परंतु दूध त्या प्रमाणात वाढत नाही. घन आहाराची निकड येथूनच निर्माण होते.

पिलाच्या शरीरातही याच सुमारास अनुरूप बदल होतात. दुधाचे दात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतात. प्रथम कृंतक (पटाशीचे दात), नंतर सुळे व शेवटी उपदाढा येतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास एकूण २६ दुधाचे दात पुरे होतात. कायमचे ३० दात येण्यास साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास प्रारंभ होतो. टोकदार दात उगवल्यावर स्तनपान आईला वेदनादायक होते व तिची टाळाटाळ वाढते. मलमूत्रविसर्जनावरही पिलाचा ताबा याच काळात येतो व ते माती उकरून विष्ठा झाकू लागते.

शिकारीचे शिक्षण : मोकळ्या फिरणाऱ्या मांजरीच्या पिलांना घन अन्नाची पहिली ओळख आईने आणलेल्या शिकारीतून होते. पिले चार आठवड्यांच्या सुमारास आली की, मांजरी मारलेला उंदीर किंवा पाखरू त्यांच्याजवळ आणते व प्रथम त्यांच्यासमक्ष स्वतः खाते. पुढे ती मृत भक्ष्य पिलांपुढे टाकून विशिष्ट आवाजात त्यांना बोलावते. अखेरच्या टप्प्यात जिवंत भक्ष्य आणून सोडते आणि ते निसटू लागल्यास पुन्हा पकडून देते. जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांनी या वर्तनाचे तपशीलवार निरीक्षण केले आहे. मांजर आपल्या पिलांना सात घरे फिरवते, असे महाराष्ट्रात म्हटले जाते. सातचा आकडा हा लोकसमजुतीचा भाग असला, तरी पिलांना तोंडात धरून जागा बदलण्याचे मांजरीचे वर्तन खरे असून पिले घन अन्नाकडे वळण्याच्या सुमारास ते पुष्कळदा दिसून येते.

मांजर उंदीर मारते ते केवळ सहजप्रेरणेने की शिक्षणाने, या प्रश्नाचा अभ्यास चिनी मानसशास्त्रज्ञ जिंग-यांग कुओ यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केला. उंदीर मारणाऱ्या आईबरोबर वाढलेल्या पिलांपैकी बहुसंख्य पिले पुढे उंदीर मारू लागली. एकटी वाढविलेली पिले निम्म्याहून कमी प्रमाणात मारू लागली. तर उंदरांच्याच सोबतीने वाढलेल्या पिलांपैकी फारच थोड्यांनी उंदीर मारले. शिकारीची प्रवृत्ती जन्मजात असली, तरी तिला वळण लागते ते पिलाला लाभलेल्या सहवासातून, असे यावरून दिसते.

काय खावे याची निवडही पिल्लू आईकडूनच शिकते. व्हांडा विर्विका यांनी १९७८ मध्ये वर्णिलेल्या प्रयोगांत काही मांजरींना केळे खाण्याची सवय लावण्यात आली होती. मांजराला स्वभावतः केळ्याची ओढ नसते. तरीही या मांजरींची दूध तुटण्याच्या वयातील पिले आईबरोबर केळे खाऊ लागली. या वयात लागलेली आवड पुष्कळदा टिकते. एकाच प्रकारच्या अन्नावर वाढलेले मांजर पुढे अपरिचित अन्नाला तोंड लावत नाही, हा पाळणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून याच काळात पिलांना निरनिराळ्या चवींच्या व पोतांच्या योग्य अन्नाचा परिचय करून देणे हितावह ठरते.

दुधाचे पचन व गाईचे दूध : दुधातील शर्करेचे (लॅक्टोजाचे) पचन लॅक्टेज या एंझाइमामुळे (शरीरातील रासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळे) होते. दूध पिणाऱ्या पिलाच्या आतड्यात हे एंझाइम भरपूर असते; दूध तुटू लागल्यावर त्याचे प्रमाण घटत जाते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात आंबते, तेथे पाणी ओढले जाते व अतिसार होतो. पुष्कळशा प्रौढ मांजरांना थोडे दूध सोसते हे खरे असले, तरी ते त्यांना आवश्यक नसते.

गाईचे दूध हा मांजरीच्या दुधाचा पर्याय होऊ शकत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण गाईच्या दुधाच्या सु. दुप्पट असून वसाही अधिक असते. गाईच्या दुधात मात्र दुग्धशर्करा तुलनेने जास्त असते. त्यामुळे केवळ गाईच्या दुधावर ठेवलेले पिल्लू एकीकडे उपाशी राहते व दुसरीकडे अतिसाराने खंगते. पाणी घालून पातळ केलेल्या दुधाने शर्करेचे प्रमाण कमी होते. परंतु पोषणही तितकेच घटते. अतिसारामुळे शरीरातील पाणी वेगाने कमी होते आणि इतक्या लहान जीवास ते काही तासांतच घातक ठरू शकते.

मांसाहाराची आवश्यकता : मांजर हा नियत मांसभक्षक प्राणी आहे, म्हणजेच प्राणिज अन्नातून मिळणारी काही पोषक द्रव्ये त्याला वनस्पतिज अन्नातून तयार करता येत नाहीत. यांत टॉरीन हे द्रव्य प्रमुख आहे. मांस, मासे व विशेषतः हृदयासारखी इंद्रिये यांत ते असते. वनस्पतींत ते जवळजवळ नसते व गाईच्या दुधातही अत्यल्प असते. केसीन या दुधातील प्रथिनावर आधारलेला आहार दिलेल्या मांजरांत टॉरिनाच्या अभावी जालपटलाचा (डोळ्यातील प्रकाशसंवेदी पटलाचा) ऱ्हास होतो, असे १९७५ मध्ये अमेरिकेत दाखविण्यात आले. १९८७ मध्ये हृदयस्नायूच्या एका गंभीर विकाराशीही या न्यूनतेचा संबंध असल्याचे सिद्ध झाले व त्यानंतर मांजरांसाठी तयार होणाऱ्या खाद्यांतील टॉरिनाचे प्रमाण वाढविण्यात आले.

गाजरासारख्या भाज्यांतील कॅरोटिनापासून अ जीवनसत्त्व बनविणे मांजराच्या शरीरास जमत नाही. ते त्यास तयार स्वरूपातच मिळावे लागते. ॲराकिडॉनिक हे वसाम्ल व नायासिन हे जीवनसत्त्व यांबाबतही स्थिती अशीच आहे. आर्जिनीन या ॲमिनो अम्लाचा अभाव असलेल्या एकाच खाण्यानंतरही मांजराच्या रक्तातील अमोनिया धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. मांजराला गोड चव कळत नाही. ही चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक मांजराच्या कुलात निकामी झालेले आहे, असे २००५ मध्ये आढळून आले. दुधाकडे मांजर आकर्षिले जाते ते त्यातील वसा व प्रथिने यांमुळे, गोडीमुळे नव्हे.

या पार्श्वभूमीवर दूध-भाताच्या रिवाजाचा विचार करता येतो. शिजलेला भात मांजर काही प्रमाणात पचवू शकते व त्यातून त्याला ऊर्जा मिळते. पूर्वीच्या वाड्यांतून व शेतघरांतून वावरणारे मांजर दूध-भाताखेरीज उंदीर, पाली व पाखरे मारून खात असे. कोकण किनाऱ्यावर मासे साफ करताना निघणारी डोकी व आतडी त्याच्या वाट्याला येत. म्हणजे घरचा दूध-भात हा त्याचा पूरक आहार होता. मुख्य आहार ते स्वतः मिळवीत असे. शहरातील सदनिकेत बंदिस्त असणाऱ्या मांजराला ही सोय नसते. अशा घरात जुना रिवाज तसाच चालू राहिला, तर पूरक आहार हाच एकमेव आहार होतो व वर सांगितलेल्या न्यूनता उद्‌भवण्याचा धोका राहतो. वाढत्या पिलाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

उलटपक्षी केवळ मांसाचा आहारही पिलाला पुरेसा नसतो. निव्वळ मांसात कॅल्शियम अत्यल्प व फॉस्फरस पुष्कळ असतो. उंदीर खाणारे मांजर त्याची हाडेही खाते व त्यामुळे हे प्रमाण आपोआप साधले जाते. फक्त सोललेल्या मांसावर किंवा काळजावर वाढविलेल्या पिलाच्या परावटू ग्रंथी रक्तातील कॅल्शियम टिकविण्यासाठी हाडांतील कॅल्शियम काढून घेतात. परिणामी हाडे ठिसूळ होतात, पिल्लू लंगडू लागते व किरकोळ उडीनेही हाड मोडते. काळीज अति प्रमाणात दिल्यास अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊनही सांगाड्यात विकृती उद्‌भवते.

घन आहार सुरू करण्याची पद्धती : आई जवळ असल्यास माणसाने करावयाचे काम थोडेच असते. पिले तीन ते चार आठवड्यांची झाली, त्यांचे दात दिसू लागले व ती आईच्या ताटलीत तोंड घालू लागली की, उथळ बशीत मऊ अन्न ठेवावे. पिलांसाठी बनविलेले खाद्य कोमट पाण्यात अथवा पिलांच्या दूधपर्यायी भुकटीच्या द्रावणात कालवून पेजेसारखे पातळ करतात. अन्न शरीराच्या तापमानाइतके कोमट असल्यास त्याचा वास चांगला येतो व पिल्लू लवकर खाते. बोटाला थोडे अन्न लावून चाटावयास दिले असता पिलाला बशीची ओळख होते. त्याचे तोंड अन्नात दाबू नये. असे केल्याने अन्न नाकावाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होण्याचा संभव असतो.

प्रारंभी पिले अन्नात पाय घालतात, त्यात लोळतात व फारच थोडे खातात. खाणे झाल्यावर त्यांचे अंग कोमट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे व उरलेले अन्न तास-दोन तासांत काढून टाकावे. आपल्याकडील उष्ण हवेत ते लवकर नासते. दिवसातून चार ते सहा वेळा थोडे थोडे अन्न देऊन दोन-तीन आठवड्यांत त्यातील पाण्याचे प्रमाण कमी करीत न्यावे. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत बहुतेक पिले घट्ट अन्न खाऊ लागतात. घन आहाराबरोबर उथळ भांड्यात स्वच्छ पाणी सदैव असावे. आईला या काळात दूर करण्याचे कारण नाही. दूध व घन अन्न ही दोन्ही काही आठवडे बरोबरीने चालतात.

घरी शिजविलेले अन्न द्यावयाचे झाल्यास हाडे काढून बारीक केलेली कोंबडी, काटे काढलेला शिजविलेला मासा व उकडलेले अंडे यांचा उपयोग करता येतो. मात्र असा आहार दीर्घकाळ चालू ठेवण्यापूर्वी त्यातील कॅल्शियम, टॉरीन व जीवनसत्त्वे यांची पूर्ती पशुवैद्याच्या सल्ल्याने करून घ्यावी. कांदा व लसूण यांमुळे मांजराच्या तांबड्या रक्तकोशिका फुटतात; म्हणून घरातील रस्सा किंवा फोडणीचे अन्न त्यास देऊ नये. शिजविलेली हाडे फुटून त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात व त्या घशात वा आतड्यात रुततात. काही जातींच्या कच्च्या माशांतील एंझाइम थायामीन (ब१ जीवनसत्त्व) नष्ट करते; त्यामुळे मासा शिजवून देणे श्रेयस्कर असते.

पोरकी पिले : आई मेलेली किंवा हरवलेली पिले आढळल्यास प्रथम आई खरोखरच नाही याची दुरून काही तास पाहून खात्री करावी, पुष्कळदा ती भक्ष्य शोधावयास गेलेली असते. आई नसल्यास पहिली गरज उबेची असते. थंड पडलेल्या पिलाची पचनक्रिया मंदावलेली असल्यामुळे त्याला पाजण्यापूर्वी हळूहळू ऊब द्यावी लागते. त्यानंतर पिलांसाठी मिळणारे दूधपर्यायी द्रावण बाटलीने पाजतात. पिल्लू पोटावर, मान किंचित वर, अशा स्थितीत असावे. मानवी बाळाप्रमाणे उताणे धरून पाजू नये. पिलाच्या जठरात एका वेळी दर १०० ग्रॅ. वजनास सु. ४ मिलि. द्रव मावतो, म्हणून पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी व पुढे क्रमशः अधिक अंतराने पाजावे लागते. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने गुदाभोवतालचा भाग हलकेच पुसून मलमूत्रविसर्जनास उद्दीपन द्यावे. दररोज एकाच वेळी वजन करणे ही वाढीची सर्वांत विश्वसनीय खूण होय. वजन न वाढणे किंवा घटणे हा इशारा समजून त्वरित पशुवैद्याकडे जावे. अशा पिलांनाही घन आहार चौथ्या आठवड्याच्या सुमारास, दात आल्यावरच, सुरू करतात. मात्र अनुकरणासाठी आई नसल्याने बशीतून खाण्यास ती काहीशी उशिरा शिकतात.

रोग व प्रतिबंध : दूध तुटण्याचा काळ हा रोगांच्या दृष्टीनेही नाजूक असतो. चिकातून मिळालेली प्रतिपिंडे सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत घटत जातात व पिलाची स्वतःची प्रतिकारशक्ती त्या वेळी पुरेशी वाढलेली नसते. श्वेतकोशिकांचा नाश करणारा मांजरांचा विषाणुजन्य रोग (पॅनल्यूकोपेनिया) या वयात विशेष घातक असतो. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसीकरण सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा लसी देतात. गोल कृमींच्या अळ्या आईच्या दुधातून पिलात शिरतात; पोट फुगणे, केस निस्तेज होणे व खाऊनही वजन न वाढणे ही जंतांची लक्षणे होत. तिसऱ्या आठवड्यापासून दूध तुटेपर्यंत दर पंधरवड्यास पशुवैद्याने वजनानुसार ठरविलेले कृमिनाशक औषध देणे इष्ट असते.

आईच्या प्रकृतीकडेही लक्ष द्यावे लागते. पिले एकाएकी तोडल्यास दूध साठून स्तनदाह होऊ शकतो. क्रमाने तोडल्यास दूध आपोआप आटते. दूध पाजीत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. लागोपाठच्या वेतांनी ती क्षीण होते व पुढील वेताच्या पिलांनाही पुरेसे दूध मिळत नाही. त्यामुळे दूध तुटल्यानंतर तिची वंध्यीकरण शस्त्रक्रिया करून घेण्याचा सल्ला दिला जातो.

अकाली दूध तोडण्याचे परिणाम : पिल्लू स्वतः खाऊ लागले म्हणजे ते आईपासून वेगळे करण्यास हरकत नाही, असे समजून चार-पाच आठवड्यांची पिले इतरांना देऊन टाकण्याचा प्रघात आढळतो. या वयात पिलाचे पोट घन अन्नाने भरत असले, तरी त्याचे शिक्षण पुरे झालेले नसते. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाला माणसांची व इतर प्राण्यांची ओळख होण्याचा असतो. चावा किती जोराने घ्यावा, पंजाची नखे केव्हा आत घ्यावीत, या गोष्टी ते भावंडांशी खेळताना व आईच्या प्रतिकारातून शिकते. फिनलंडमध्ये पाच हजारांहून अधिक मांजरांच्या माहितीवरून केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांपूर्वी दूध तोडलेल्या मांजरांत आक्रमकता अधिक आढळली. तर चौदा आठवड्यांनंतर तोडलेल्या मांजरांत अनिष्ट वर्तनाचे प्रमाण कमी होते. लवकर तोडलेली काही मांजरे मोठेपणीही लोकर, कापड किंवा माणसाची बोटे चोखत राहतात. म्हणून पिल्लू निदान आठ आठवड्यांचे, शक्य असल्यास बारा आठवड्यांचे होईपर्यंत आई व भावंडे यांच्यापासून वेगळे करू नये आणि नव्या घरी देताना त्याच्या सवयीचे अन्न काही दिवस तसेच चालू ठेवून नवे अन्न त्यात थोडे थोडे मिसळत जावे.